सोसायटीच्या सभासद-वेबसाइटवरची खाती आणि लॉगिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ठाणे आणि नवी मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे सेक्रेटरी, खजिनदार आणि 'तुला कॉम्प्युटर येतो ना' म्हणून वेबसाइट गळ्यात पडलेले सभासद यांच्यासाठी आहे. घोडबंदर रोडवरची चार टॉवरची सोसायटी असो की नेरूळमधली सिडकोची जुनी, बिनलिफ्टची इमारत, अडचणी साधारण त्याच असतात. जिथे मेनूंचा उल्लेख आहे तिथे वेबसाइट वर्डप्रेस या तयार व्यवस्थेवर चालते असं धरलं आहे. दुसऱ्या व्यवस्थेत नावं बदलतील, तत्त्व तेच.

खातं फ्लॅटच्या नावाने उघडावं की माणसाच्या?

माणसाच्या. 'बी-७०४' नावाचं एक खातं आणि घरातल्या सगळ्यांना पाठ असलेला एक पासवर्ड, ही मांडणी पहिल्या दिवशी फार सोयीची वाटते. पुढच्या बहुतेक कटकटी तिथूनच निघतात. फ्लॅट विकला जातो, भाड्याने जातो, मालक दुबईला असतो आणि मेंटेनन्स धाकटा भाऊ भरतो. पार्किंगचा अर्ज कोणी केला, गळतीची तक्रार मागे कोणी घेतली, असं दोन वर्षांनी विचारलं तर 'बी-७०४ ने' एवढंच उत्तर हाती येतं, आणि त्यावरून भांडणं मिटत नाहीत.

त्यासाठी तीन याद्या लागतात. पहिली फ्लॅटची. दुसरी माणसांची. तिसरी या दोघांना जोडणारी: कोण, कोणत्या फ्लॅटशी, कोणत्या नात्याने (मालक, सहयोगी सभासद, भाडेकरू), कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या तारखेपर्यंत. शेवटचा तारखेचा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत. विक्री, मृत्यू, भाडेकरार संपणं, या सगळ्या प्रसंगी खातं पुसायला न लागता फक्त ती एक तारीख भरायची असते.

सभासदांची सुरुवातीची यादी कुठून घ्यायची?

आय रजिस्टरमधून. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून नाही, आणि गेटवरच्या वॉचमनच्या वहीतूनही नाही. ग्रुपमध्ये विकून गेलेले लोक असतात, मुलांचे नंबर असतात आणि एखादा प्लंबरही सापडतो. आय रजिस्टर म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली ठेवायची सभासदांची नोंदवही. 'जे' नमुन्यातली सभासदांची यादी तिच्यावरूनच निघते. नावाचं स्पेलिंग शेअर सर्टिफिकेटवर असेल तसंच घ्या. मोबाइल आणि ईमेल मात्र नव्याने, सहीच्या फॉर्मवर मागा.

एक्सेलमधून यादी चढवली आणि फ्लॅट नंबरांच्या तारखा झाल्या. का?

कारण एक्सेल आपल्यापेक्षा जास्त हुशारी करतो. '३-१२' असा फ्लॅट नंबर त्याला ३ डिसेंबर वाटतो. '००१२' चे पुढचे शून्य तो गिळतो. मोबाइलच्या आधी ९१ लावलं की आकडा १२ अंकी होतो, आणि साध्या 'जनरल' रकान्यात तो ९.१९८ई+११ असा दिसतो. तशीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) म्हणून जतन केली की दिसतं तेवढंच जतन होतं. मागचे अंक कायमचे गेले.

उपाय असा. नंबर टाइप करण्याआधी सगळे रकाने निवडून त्यांचा प्रकार 'टेक्स्ट' करा. जतन करताना साधा सीएसव्ही नको, 'सीएसव्ही यूटीएफ-८' (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारा प्रकार) निवडा, नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. तयार सीएसव्ही परत एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका, कारण मग पुन्हा तीच तारखांची जादू होते. 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' ने आणा आणि रकान्यांचा प्रकार तिथेच सांगा. आधी पाच नावांची फाइल चढवून बघा. पाचांत चूक निस्तरणं आणि तीनशेत निस्तरणं यात एका रविवारचा फरक आहे.

लॉगिनसाठी आयडी काय द्यावा?

सभासदाने टाइप करायला मोबाइल किंवा ईमेल, आणि आतून कायमचा म्हणून आय रजिस्टरमधला सभासद क्रमांक. फ्लॅट नंबर हा आयडी नको, कारण माणूस सातव्यावरून बाराव्या मजल्यावर गेला की आयडी खोटा पडतो. वर्डप्रेसमध्ये एकदा दिलेलं यूजरनेम प्रोफाइलमधून बदलता येत नाही, फक्त दिसणारं नाव बदलतं. म्हणून त्या जागी असं काही टाका जे बदलणारच नाही.

नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट आहे. खाती किती?

दोन. २०१९ च्या दुरुस्तीने सहकारी कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं आणि त्यात संयुक्त सभासद, सहयोगी सभासद, तात्पुरता सभासद अशा वेगवेगळ्या व्याख्या आल्या. शेअर सर्टिफिकेटवर नाव असलेला तो संयुक्त. नाव नसलेला पण सभासदाच्या लेखी शिफारशीने आलेला जवळचा नातेवाईक तो सहयोगी. बिलं, नोटिसा दोघांनाही दिसू द्या. मतदानाचं बटण मात्र एका फ्लॅटमागे एकदाच चाललं पाहिजे: सर्टिफिकेटवरचं पहिलं नाव, ते हजर नसेल तर दुसरं. 'जो आधी क्लिक करेल त्याचं मत' अशी सोय ठेवलेली वेबसाइट एजीएमच्या (वार्षिक सर्वसाधारण सभेच्या) दिवशी घरातही भांडण लावते.

भाडेकरूला लॉगिन द्यावं का?

द्यावं, पण मुदतीचं. लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असेल तर खात्याची शेवटची तारीख तीच टाका. करार वाढला की तारीख वाढवा. त्याला पाणी बंदच्या नोटिसा, तक्रारी, पाहुण्यांची नोंद हे पुरतं. थकबाकी, सभेची इतिवृत्तं, हिशेब हे मालकाचं. मालकाचंच लॉगिन भाडेकरूला देण्याची रीत फार पसरली आहे. त्यात मालकाची सगळी बिलं तर त्याला दिसतातच, वर त्याने केलेली कोणतीही विनंती मालकाच्या नावावर जमा होते.

पहिला पासवर्ड सगळ्यांना कसा पोचवायचा?

पासवर्ड पोचवायचाच नाही. एकदाच चालणारा कोड द्यायचा आणि पासवर्ड त्यांना ठरवू द्यायचा. 'फ्लॅट नंबर आणि पुढे १२३' असा सगळ्यांचा सारखा पासवर्ड ठेवला की लिफ्टमधल्या पाटीवरची नावं वाचून कोणीही कोणाच्याही खात्यात शिरतो. पुढे बदला असं सांगितलं तरी निम्मे बदलत नाहीत.

कोड छापून मेंटेनन्सच्या बिलाबरोबर बंद पाकिटात, सही घेऊन द्या. खालच्या लेटरबॉक्समध्ये नको. त्यांची कुलुपं कशी असतात ते आपल्याला माहीत आहे. मुदत ७ दिवस. पाकीट हरवलं तर जुना कोड रद्द करून नवा.

पासवर्डचे नियम किती कडक ठेवावेत?

लांबी वाढवा, नाटक कमी करा. एक मोठं अक्षर, एक चिन्ह, एक अंक आणि दर ९० दिवसांनी बदल, या नियमांनी लोक शेवटचा अंक एकाने वाढवतात आणि पासवर्ड फ्रिजवर चिकटवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१७ पासूनच ठरावीक काळाने सक्तीने बदलायला लावू नका असं सांगितलं आहे. २०२५ च्या आवृत्तीत, फक्त पासवर्डवर चालणाऱ्या लॉगिनला किमान १५ अक्षरं आणि जोडीला दुसरी खात्री असेल तर किमान ८, असा दंडक आहे. फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघणं आणि पेस्ट करू देणं हेही त्यातच येतं.

१५ अक्षरं म्हटल्यावर लोक घाबरतात. 'जिना खारी मंगळ छत्री' असे चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायला सांगा. लक्षात राहतं, आणि नात्यातल्या कोणाच्या वाढदिवसावरून ओळखता येत नाही. (हेच चार शब्द अर्थातच नकोत.)

देवनागरीत पासवर्ड ठेवला तर?

चालतो, पण नको. फोनवरचे लिप्यंतर कीबोर्ड पासवर्डच्या रकान्यात अनेकदा बंद पडतात, म्हणजे घरी ठेवलेला पासवर्ड ऑफिसच्या मशीनवर टाइपच होत नाही. दुसरी गोम आतली आहे. पासवर्ड साठवायला सर्रास वापरली जाणारी बीक्रिप्ट पद्धत पहिले ७२ बाइट्सच (बाइट हे साठवणीचं छोटं माप) बघते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून २४ चिन्हांनंतरचं सगळं वाया. वर्डप्रेसने ६.८ या आवृत्तीपासून बीक्रिप्ट घेताना यावर तोड काढली आहे. स्वतः लिहून घेतलेल्या वेबसाइटवर डेव्हलपरला विचारा.

ओटीपी येतच नाही. सभासद म्हणतो नेटवर्क, डेव्हलपर म्हणतो सभासद.

दोघांना बाजूला ठेवून एसएमएस गेटवेचा (मेसेज पाठवणाऱ्या सेवेचा) अहवाल उघडा. त्या मेसेजपुढे काय शेरा आहे त्यावर उत्तर ठरतं.

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांखाली अशा मेसेजचा मजकूर आधी डीएलटी या मोबाइल ऑपरेटरांच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो. पाठवलेला मजकूर नोंदवलेल्या साच्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. कोणीतरी 'आपला ओटीपी' चं 'तुमचा ओटीपी' केलं, शेवटचा पूर्णविराम काढला किंवा दोन जागी स्पेस पडली, की ऑपरेटर मेसेज गाळतो आणि सभासदाला काहीच कळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधल्या लिंकसुद्धा आधी नोंदवलेल्या असाव्या लागतात. म्हणून ओटीपीच्या मेसेजमध्ये लिंक टाकूच नका, गरजही नसते. साचा चुकून 'प्रमोशनल' म्हणून नोंदला असेल तर डीएनडी (जाहिरातींचे मेसेज नकोत अशी नोंद) लावलेल्यांना तो पोचत नाही, बाकीच्यांना पोचतो. 'मलाच येत नाही' या तक्रारींमागे बहुधा हेच निघतं.

मराठी मेसेजची आणखी एक गोष्ट. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि मेसेज तुटला की प्रत्येक तुकड्यात ६७. सोसायटीचं लांबलचक नाव, 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' सकट, मेसेजात घातलं की दोन मेसेजचे पैसे लागतात. मजकूर असा बसवा: 'लॉगिन ओटीपी ४८२९१६. १० मिनिटं चालेल. कोणालाही सांगू नका.' पाठवलेल्या मेसेजमधले अंक मात्र इंग्रजी ठेवा, म्हणजे फोन तो आपोआप उचलून रकान्यात भरू शकतो.

ओटीपी बरोबर टाकूनही 'चुकीचा ओटीपी' येतं.

तीन कारणं बघा. सभासदाने दोन-तीनदा 'पुन्हा पाठवा' दाबलं आणि उशिरा आलेला पहिला मेसेज टाकला. नवा निघाला की जुना रद्द होतो. दुसरं, मुदत संपली. तिसरं कारण आपल्याकडचं खास: मराठी कीबोर्डवर देवनागरी अंक लागलेले असतात. माणसाला ४८२९१६ दिसतं, सर्व्हरला ते आकडेच वाटत नाहीत. चूक सभासदाची नाही. रकान्यातले ० ते ९ देवनागरी अंक तपासणीआधी इंग्रजीत बदलणं हे डेव्हलपरचं पाच मिनिटांचं काम आहे. मोबाइल नंबर, फ्लॅट नंबर आणि शोधाच्या रकान्यालाही तेच लावून घ्या.

यादीत नाव आहे, पण शोधलं की सापडत नाही.

आडनावात 'ऱ्ह' आहे का बघा. 'कुऱ्हाडे' मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता (खालचा टिंब) असलेल्या र ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाला मात्र दोन वेगळी आडनावं. पहिल्या प्रकारातही नुक्तावाला र एकसंध चिन्ह म्हणून येतो किंवा र आणि नुक्ता असा तुटक येतो. तुटक आणि एकसंध यांतला फरक युनिकोडच्या एनएफसी नियमनाने (एकच अक्षर एकाच रूपात आणण्याच्या नियमाने) मिटतो. जोडचिन्हाचा फरक मिटत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. त्यापेक्षा सोपं: शोधासाठी नावाचं रोमन स्पेलिंगही एका रकान्यात ठेवा.

आजी-आजोबांत एकच फोन आहे.

मोबाइल नंबर 'एका खात्याला एकच' असा सक्तीचा ठेवू नका. एका नंबरवर दोन खाती असतील तर लॉगिनच्या वेळी आधी सभासद क्रमांक विचारा, आणि ओटीपीच्या मेसेजमध्ये खात्याचं नाव येऊ द्या. ज्यांना यातलं काहीच नको असतं त्यांना कागदी बिल द्या. वेबसाइट आली म्हणून कागद बंद करण्याची घाई नको.

मालक परदेशात आहेत, ओटीपी जात नाही.

डीएलटीवरून जाणारा मेसेज भारतीय नंबरांसाठी आहे. त्यांच्यासाठी ऑथेंटिकेटर अ‍ॅप चालू करा: दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा अंक, त्यांना नेटवर्कही लागत नाही. कोड नाकारला जात असेल तर फोनचं घड्याळ बघा, ते आपोआप वेळेवर नसलं की बहुधा हे होतं. देश बदलल्याने फरक पडत नाही, कारण मोजणी जागतिक वेळेवर चालते. चालू करतानाच मिळणारे राखीव कोड छापून घ्यायला सांगा. नवा फोन घेतला की सगळ्यांना त्यांची आठवण येते.

आणि त्यांचा जुना भारतीय नंबर यादीतून काढा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, आणि मग त्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो.

बिलं निघाली त्या संध्याकाळी अख्ख्या विंगचं लॉगिन बंद झालं.

चुकीच्या प्रयत्नांवरचं कुलूप आयपी पत्त्यावर (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर) लावलेलं असेल. बिल्डिंगमध्ये एकाच केबलवाल्याचं ब्रॉडबँड असलं की बाहेरून साठ घरांचा पत्ता एकच दिसू शकतो. मोबाइल डेटाचंही तसंच. तीन जणांनी पासवर्ड चुकवला की उरलेल्या सत्तावन्न घरांना शिक्षा. कुलूप खात्यावर लावा: पाच चुकांनंतर १५ मिनिटं. आयपीसाठी वेगळी, बरीच सैल मर्यादा ठेवा. आणि चुकीच्या लॉगिनला 'हा मोबाइल नोंदलेला नाही' असं उत्तर देऊ नका. तेवढ्यावरून कोणाचा नंबर सोसायटीत आहे हे बाहेरच्याला पडताळता येतं. 'माहिती जुळत नाही' एवढं पुरे.

पासवर्ड बदलायची ईमेल मिळत नाही.

आधी स्पॅम. मग यादीतला पत्ता. बऱ्याच ज्येष्ठांनी दिलेला पत्ता कधीच बंद पडलेला असतो. तोही बरोबर असेल तर पाठवणारी बाजू तपासा. होस्टिंगच्या मूळ सोयीने थेट पाठवलेल्या मेलला कोणी जामीन नसतो. डोमेनच्या (वेबसाइटच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या जाहीर नोंदींत, एसपीएफ आणि डीकेआयएम या मेल खरंच तुमच्याकडूनच निघाली हे पटवणाऱ्या नोंदी करा, मेल एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या वेगळ्या) सेवेतून पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला यातली किमान एक नोंद प्रत्येकाकडून लागते. एसपीएफची नोंद एकच असावी. दुसरा डेव्हलपर येऊन दुसरी ओळ टाकतो आणि दोन्ही निकामी होतात.

वर्डप्रेसची बदलाची लिंक एक दिवस चालते. दोनदा मागितली तर शेवटचीच खरी.

फ्लॅट विकला गेला. खात्याचं काय?

जुनं खातं नव्या मालकाच्या नावावर करू नका. कमिटीने हस्तांतर मंजूर केल्याच्या तारखेला जुन्या मालकाच्या जोडणीला शेवटची तारीख टाका आणि नव्या सभासदाचं नवं खातं उघडा. सिडकोच्या लीजच्या जमिनीवर सोसायटी असेल तर सिडकोची हस्तांतराची कागदपत्रं फाइलला लागेपर्यंत थांबा. एजंटने चावी दिली म्हणून लॉगिन देऊ नका. नव्या मालकाला त्याच्या तारखेपासूनची बिलं दिसावीत. जुन्याला पावत्या उतरवून घ्यायला ३० दिवस फक्त-वाचण्याचं खातं ठेवलं की फोन कमी येतात.

सभासद वारले. मुलाला त्यांचा पासवर्ड द्यायचा का?

नाही. ते खातं त्याच दिवशी गोठवा. नॉमिनी तात्पुरता सभासद म्हणून दाखल झाला की त्याचं स्वतःचं खातं उघडा, त्यात बिलं आणि नोटिसा दिसू द्या. वारसांचा प्रश्न सुटल्यावर जोडणी बदलेल. घरातल्यांना मेंटेनन्स भरायची घाई असते, आणि ती भावना चांगलीच आहे. त्यासाठी लॉगिन लागत नाही, फ्लॅट नंबर टाकून बँकेत भरणा करता येतो. त्यांच्या नंबरवर 'आपले बिल थकीत आहे' असा आपोआप जाणारा मेसेज तेवढा आधी बंद करा.

थकबाकीदाराचं लॉगिन बंद करावं का?

एजीएममध्ये ही सूचना हमखास येते आणि टाळ्याही घेते. करू नका. ज्याने पैसे द्यावेत अशी इच्छा आहे त्याचंच बिल आणि भरण्याचं बटण बंद करण्यात अर्थ नाही. शिवाय सहकारी कायद्याप्रमाणे सभासदाला ठरावीक कागद बघण्याचा हक्क आहे, तो वेबसाइटच्या बटणाने जात नाही. क्लबहाउसचं बुकिंग थांबवायचं तर तो वेगळा ठराव, वेगळी परवानगी.

एका सभासदाला दुसऱ्याचं बिल दिसलं. हॅक झालं का?

बहुधा नाही, पण गंभीर तेवढंच आहे. पहिला संशय कॅशवर (पानांच्या साठवलेल्या प्रतींवर; रोख पैशांशी संबंध नाही). वेबसाइट जलद चालावी म्हणून लावलेलं प्लगइन (जोड-प्रोग्राम) तयार पानाची प्रत ठेवतं आणि पुढच्या माणसाला तीच वाढतं. लॉगिननंतरची पानं त्यातून वगळली नसतील तर पहिल्या सभासदाचं 'माझं बिल' दुसऱ्याला दिसतं, तेही कधी दिसतं, कधी नाही. प्लगइनच्या सेटिंगमध्ये लॉगिन केलेल्यांसाठी कॅश बंद करा, त्या पानांना 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' हेडर (प्रत साठवू नका अशी सूचना) लावा, साठलेलं सगळं पुसा. वाटेत सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाटणारी बाहेरची सेवा) असेल तर तिथलंही.

दुसरा संशय पत्त्यावर. बिलाच्या पानाचा पत्ता १०४१ ने संपतो, तिथे १०४२ केलं की शेजाऱ्याचं बिल उघडतं का? उघडत असेल तर वेबसाइट फक्त 'लॉगिन आहे ना' एवढंच बघते. 'हे बिल याच माणसाचं आहे ना' हे बघत नाही. ही डेव्हलपरची चूक आहे आणि ती दुरुस्त होईपर्यंत बिलांचं पान बंद ठेवणं बरं.

तिसरं, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जातं: पीडीएफ. पान लॉगिनच्या आड असतं, पण फाइल वर्डप्रेसच्या अपलोड फोल्डरमध्ये वर्ष-महिन्याच्या कप्प्यात उघडी पडलेली असते. परीक्षा सोपी आहे. लॉगिन करून थकबाकीची यादी किंवा इतिवृत्त उघडा, वरचा पत्ता कॉपी करा, ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तिथे पेस्ट करा. फाइल उघडली तर ती जगाला उघडी आहे, आणि गूगलला सापडायचीही शक्यता आहे. फाइली वेब फोल्डरच्या बाहेर ठेवून परवानगी तपासूनच देणारी सोय हाच खरा उपाय. फाइलचं नाव अवघड ठेवणं हा नव्हे.

अ‍ॅडमिनचा अधिकार कोणाकोणाला?

दोघांना, आणि दोघांनाही आपापल्या नावाने. एक असेल तर तो गावी गेला की काम अडतं. पाच असतील तर कोणी काय केलं ते कळत नाही. 'अ‍ॅडमिन' नावाचं सामायिक खातं आणि ऑफिसच्या मॉनिटरला चिकटवलेला पासवर्ड आजच काढा. खजिनदाराला बिलांपुरता अधिकार, सेक्रेटरीला सभासद यादी आणि नोटिसांचा, ऑडिटरला फक्त-वाचण्याचा आणि ऑडिट संपण्याच्या तारखेपर्यंतचा. डेव्हलपरचं खातं काम असेल तेव्हा चालू, झालं की बंद. चेअरमनसाहेबांना मानाने अ‍ॅडमिन करायची पद्धत आहे. त्यांना सगळं वाचता येईल असं खातं द्या, चुकून काही पुसलं जाणार नाही.

या दोघा अ‍ॅडमिनना पासवर्डशिवाय ऑथेंटिकेटरचा कोड सक्तीचा.

कोणीतरी 'माझं खातं काढून टाका' म्हणतं. काढायचं का?

सभासद असेपर्यंत खातं बंद करता येतं, नोंद पुसता येत नाही; हिशेब आणि रजिस्टर ठेवणं सोसायटीवर बंधनकारक आहे. गेलेल्या भाडेकरूचा फोटो, गाडीचा नंबर, मोबाइल मात्र ठेवायचं कारण उरत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे, ज्या कामासाठी घेतलं तेवढंच ठेवा. वर्डप्रेसमध्ये 'डिलीट' दाबण्याआधी जपून: त्या माणसाने टाकलेला मजकूरही पुसायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा असं विचारतं, आणि घाईत पहिला पर्याय निवडला की माजी सेक्रेटरीबरोबर त्यांनी टाकलेल्या सगळ्या नोटिसा जातात.

मुलांची खाती?

१८ खालच्यांची उघडू नका. हाच डेटा संरक्षण कायदा त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो, आणि बॅडमिंटन कोर्टाच्या बुकिंगला आईबाबांचं खातं पुरतं.

कोणाचं खातं दुसऱ्याच्या हातात गेल्याचा संशय आला तर आधी काय?

आधी त्या खात्याची सगळीकडची चालू सत्रं (उघडी असलेली लॉगिनं) तोडा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, काही व्यवस्थांत आधीपासून आत असलेला आतच राहतो. वर्डप्रेसमध्ये प्रोफाइलच्या पानावर 'सगळीकडून लॉगआउट' चं बटण आहे. मग मोबाइल आणि ईमेल बदलले गेलेत का ते जुन्या फॉर्मशी ताडा, आणि त्यानंतरच नवा पासवर्ड. क्रम उलटा झाला तर बदलाची लिंक चोराच्याच ईमेलवर जाते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिला तास महत्त्वाचा असतो. लॉगिनच्या नोंदी हात न लावता उतरवून ठेवा. त्या किती दिवस ठेवायच्या हे ठरलं नसेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतले १८० दिवस हे माप वापरा.

कमिटी बदलली. नव्यांनी काय काय ताब्यात घ्यायचं?

वेबसाइटचा अ‍ॅडमिन पासवर्ड मिळाला म्हणजे चार्ज मिळाला असं नाही. डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे ते पहिलं बघा. माजी सेक्रेटरींच्या खासगी जीमेलवर असेल, तर नूतनीकरणाचं स्मरणपत्र त्यांनाच जातं, ते आता पुण्याला राहतात, आणि एका सकाळी वेबसाइट नाहीशी होते. त्यानंतर होस्टिंग, डीएलटीचं लॉगिन, एसएमएस गेटवे आणि त्यातली शिल्लक, ईमेल सेवा, पेमेंट गेटवे आणि त्याला जोडलेलं बँक खातं, बॅकअपची जागा. यातल्या प्रत्येकाला सोसायटीच्या डोमेनवरचा कार्यालयीन ईमेल लावा. फक्त डोमेनच्या नोंदणीला वेगळा पत्ता ठेवा, कारण डोमेन बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो.

चार्ज घेण्याच्या इतिवृत्तात ही यादी लिहा, पासवर्ड लिहू नका. जुन्या पदाधिकाऱ्यांची खाती पुसायची नाहीत. अधिकार काढून साधे सभासद करायचे, ते अजून त्याच इमारतीत राहतात. हे सगळं ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या एजीएमच्या आठवड्यात करू नका. तेव्हा वर्षभर लॉगिन न केलेले सगळे एकदम येतात आणि प्रत्येकाला पासवर्ड बदलायचा असतो.